पन्नास रुपयांचा नीलपंख

मंडळी, गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. रिलीज होती, आणि ती नेहमीप्रमाणे ठरल्या तारखेला झाली नाही. त्यामुळे आज जरा जास्त लिहून भरपाई करतो. विषय कॉम्प्युटरचा नाही, पक्ष्याचा आहे. आणि थोडा माझ्या मूर्खपणाचाही.

तर झालं असं. काही वर्षांपूर्वी प्रोजेक्टच्या निमित्ताने मी हैदराबादला राहत होतो. दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या अंकलनी दार ठोठावलं. "खाली पालपिट्टा आलाय, दर्शन घ्यायला चला." पालपिट्टा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण सणाच्या दिवशी नाही कसं म्हणायचं? खाली सोसायटीच्या गेटपाशी एक माणूस लहानसा पिंजरा घेऊन उभा होता, आणि आमच्या बिल्डिंगमधली निम्मी माणसं त्याच्याभोवती. आत पारव्याएवढा, तपकिरी, मलूल असा एक पक्षी. मला म्हणाला, "साब, दर्शन कर लो, साल अच्छा जाता." मी हात जोडले, पन्नासची नोट दिली, वर येऊन पोहे खाल्ले.

संध्याकाळी सहज पुस्तक उघडून तो पक्षी कोणता ते शोधलं आणि चाट पडलो. तो नीलपंख होता! आपल्याकडे कुणी चाष म्हणतं, कुणी तास, हिंदीत नीलकंठ. देशातल्या सगळ्यात देखण्या पक्ष्यांपैकी एक माझ्यापासून दीड फुटावर होता आणि मला तो तपकिरी दिसला. का? कारण त्याचे पंख बांधलेले होते. नीलपंखाची सगळी दौलत पंखांत असते, आणि ती पंख उघडल्याशिवाय दिसत नाही.

तेव्हापासून या पक्ष्याचा इतिहास जमेल तसा वाचतो आहे. या इतिहासात ऋग्वेद आहे, लंडनमधला लिलाव आहे, नोबेल मिळवलेला शास्त्रज्ञ आहे आणि एक सरकारी कीटकतज्ज्ञही आहे. पण आधी ओळख करून देतो.

नीलपंख साधारण ३० ते ३४ सेंटिमीटर लांब. डोकं मोठं, चोच काळसर आणि दणकट, छाती लालसर तपकिरी, गळ्यावर फिकट रेघा. म्हणजे 'नीलकंठ' या नावात कंठ तेवढा चुकलाय, निळा तो नाहीच! डोक्याची टोपी निळसर. बसलेला असताना एकंदर मातकट वाटतो. पण उडाला की गडद निळा, जांभळट आणि अगदी फिकट आकाशी असे पट्टे पंखांवर आणि शेपटीवर एकदम उघडतात. ज्याने पहिल्यांदा पाहिलं तो जागीच थांबतो.

राहतो कुठे? दाट जंगलात नाही. शेतं, माळरानं, गावाबाहेरचे रस्ते, विजेच्या तारा, निष्पर्ण झाडं, कुंपणाचे खांब ही त्याची जागा. तारेवर तासन् तास बसून खाली बघत राहायचं, टोळ, नाकतोडा, भुंगेरा काही हललं की खाली झेप घ्यायची आणि शिकार घेऊन परत वर यायचं, हा त्याचा दिनक्रम. लहान सरडे, बेडूकही खातो, पण मुख्य जेवण किड्यांचं. नांगरट चालू असली किंवा गवताला आग लागली की हमखास हजर, कारण किडे पळत सुटतात. (प्रॉडक्शन सर्व्हर पडल्यावर आमचे काही मॅनेजर जसे हजर होतात तसा. फरक इतकाच की हा काहीतरी उपयोगाचं करतो. :-))

मार्च ते जूनच्या दरम्यान विणीचा हंगाम. तेव्हा नर उंच उडतो, पंख मिटल्यासारखे करून खाली कोसळतो, कोसळताना अंग डावीउजवीकडे लोळवतो आणि कर्कश ओरडतो. या लोळण्यावरूनच इंग्रजांनी या जातीला रोलर म्हटलं. घरटं झाडाच्या ढोलीत, वाळलेल्या ताडामाडाच्या खोडात किंवा जुन्या भिंतीच्या भोकात. अंडी पांढरी, तीन ते पाच. पिल्लांना दोघं मिळून वाढवतात. वेडा राघू आणि खंड्या हे त्याचे दूरचे भाऊबंद. सगळे रंगीत, सगळे बसून शिकार करणारे.

आता इतिहास.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात औषधी वनस्पतींचं एक सूक्त आहे. त्यात रोगाला उद्देशून म्हटलंय की तू चाषाबरोबर, किकिदीवीबरोबर उडून जा. किकिदीवि हा शब्द पक्ष्याच्या ओरडण्यावरून आलेला दिसतो. पुढे अमरकोशात चाष आणि किकीदिवि एकमेकांचे पर्याय म्हणूनच येतात. म्हणजे हा पक्षी आपल्या वाङ्मयात तीन हजार वर्षं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त शकुनांच्या प्रकरणांत चाष आहे. तुलसीदासांच्या 'रामचरितमानसा'त दशरथ वरात घेऊन निघतो तेव्हा जे शुभशकुन होतात, त्यांत डाव्या बाजूला चारा टिपणारा चाष आहे.

इथे मी जरा थांबलो. नीट बघा, शकुन कसला आहे? पक्षी मोकळा आहे, आपल्या मर्जीने रस्त्याच्या कडेला जेवतोय, आणि वाटसरूला तो योगायोगाने दिसतो. शकुनाचा सगळा अर्थ या योगायोगात आहे. पिंजऱ्यात घालून दारात आणलेला शकुन हा शकुन कसा होईल? ते म्हणजे टेस्टचा रिझल्ट हार्डकोड करून 'सगळ्या टेस्ट पास' म्हणण्यासारखं झालं.

पण माणसाला योगायोगाची वाट बघवत नाही. तेलंगण-आंध्रात दसऱ्याला पालपिट्टा दिसणं शुभ, कारण वनवास संपवून परतणाऱ्या पांडवांना तो दिसला आणि मग ते जिंकले अशी कथा. बंगालमध्ये जुन्या जमीनदार घराण्यांत दुर्गाविसर्जनाच्या वेळी नीलकंठ सोडायची चाल होती, देवी निघाली ही बातमी त्याने कैलासावर शंकराला द्यायची म्हणून. कथा दोन्ही सुंदर आहेत. पण दोन्हीकडे मागणी आली, मागणी आली की पुरवठादार आला, आणि पुरवठादार आला की फासेपारध, चिकट गोंद, बांधलेले पंख. (पालपिट्टा म्हणजे 'दुधाचा पक्षी'. गाय कमी दूध देत असेल तर त्याची पिसं बारीक करून चाऱ्यातून द्यावीत, अशी जुनी समजूत होती. असो.)

युरोपात त्याची ओळख झाली ती चुकीच्या नावाने. १७३१ साली एलिझर अल्बिन या इंग्रज चित्रकाराच्या पुस्तकाचा पहिला खंड निघाला. त्याने या पक्ष्याचं चित्र 'बंगालचा जे' म्हणून छापलं. 'जे' हा त्यांच्याकडचा कावळ्याच्या कुळातला पक्षी. कार्ल लिनियसने १७५८ साली त्या चित्राच्या आधारे शास्त्रीय नाव दिलं आणि नीलपंखाला चक्क कावळ्यांच्या प्रजातीत टाकलं, 'कॉर्व्हस बेंगालेन्सिस'. पुढे चूक सुधारून 'कोरॅसियस बेंगालेन्सिस' झालं. पण हिंदुस्थानातले साहेब लोक पुढची दीडशे वर्षं त्याला 'ब्लू जे'च म्हणत राहिले. एकदा चुकीचं व्हेरिएबल नाव पडलं की जात नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

नावापर्यंत ठीक होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र भलतंच झालं. युरोप-अमेरिकेत बायकांच्या हॅटवर पिसं, पंख, कधी कधी अख्खा पेंढा भरलेला पक्षी लावायची फॅशन आली. किती? १८८६ साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरून ७०० हॅट मोजल्या. त्यांतल्या ५४२ हॅटवर पिसं होती, सुमारे ४० जातींच्या पक्ष्यांची. या माणसाला रस्त्यावर चालताना हॅटवरून पक्षी ओळखता येत होते, आणि झाडावर बघायची गरजच पडली नाही.

या धंद्याचं केंद्र लंडन. मिन्सिंग लेनमधल्या कमर्शियल सेल रूम्समध्ये पिसांचे नियमित लिलाव व्हायचे. चहा, मसाले, हस्तिदंत यांसारखाच पिसं हाही एक माल. हिंदुस्थानातून बगळे, मोर, पोपट, खंड्या आणि आपला नीलपंख मोठ्या संख्येने जात होते. नीलपंख मारायला सोपा. उघड्यावर बसतो, तारेवर आणि खांबावर बसतो, लपत नाही. त्याची शिकारीची पद्धत हीच त्याची अडचण झाली. रंग तर असा की दुसरा शोधायला नको.

इथे थोडं विषयांतर करून त्या रंगाबद्दल सांगतो, कारण ते फार भारी आहे. नीलपंखाच्या पिसात निळा रंग नसतोच! म्हणजे निळं रंगद्रव्य नसतं. १९३४ साली बंगलोरला असताना सी. व्ही. रामन यांनी याच पक्ष्याच्या पिसांवर प्रयोग करून पक्ष्यांच्या रंगांवर निबंध लिहिला. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस त्यांनी त्याच वर्षी स्थापन केली आणि तिच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात तो छापला. रंग पिसाच्या अंतर्रचनेतून येतो, रंगद्रव्यातून नाही, हा त्याचा गाभा. आज इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसतं की केराटिनमध्ये हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांची जाळी असते, तिची मापं प्रकाशाच्या तरंगलांबीशी जुळतात, आणि त्यातून निळा प्रकाश तेवढा जोराने परत येतो. पीस कुटलंत तर निळी पूड मिळत नाही, मळकट भुकटी मिळते. रचना मोडली की रंग गेला. रामन यांना यासाठी मूठभर पिसं पुरली. मिन्सिंग लेनला पेट्या लागत होत्या.

पिसांविरुद्ध पहिला आवाज उठवला तो इंग्लंडमधल्याच बायकांनी. १८८९ साली मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी एक गट सुरू केला. क्रॉयडनमध्ये एलायझा फिलिप्स आणि एटा लेमन याच कामात होत्या. पिसं वापरणार नाही अशी शपथ, हीच सदस्यत्वाची मुख्य अट. हे गट पुढे एकत्र आले आणि आज त्यांची संस्था रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स म्हणून ओळखली जाते. तिला राजाची सनद १९०४ साली मिळाली.

आपल्याकडे १८८७ साली वन्य पक्षी संरक्षण कायदा झाला, पण तो लंगडा. नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीपुरता, आणि तोही विणीच्या हंगामापुरता. हद्दीबाहेर रान मोकळं. खरा घाव पडला १९०२ साली. कर्झनच्या काळात सरकारने जकात कायद्याखाली सगळ्याच पक्ष्यांची कातडी आणि पिसं देशाबाहेर न्यायला बंदी केली. अपवाद दोनच, शहामृगाची पिसं आणि शास्त्रीय अभ्यासाचे नमुने. हेतू कळत नसेल तर मार्ग बघा. शिकार थांबवायला लाखो खेड्यांत शिपाई लागले असते. बंदरं मात्र मोजकीच. त्यांनी बंदरावर कुलूप लावलं. चोरटा व्यापार चालूच राहिला, कारण लंडनमध्ये विकत घ्यायला कुणाची मनाई नव्हती. ब्रिटनने स्वतःची आयात बंद केली ती १९२१ साली. मधली एकोणीस वर्षं एका टोकाला कुलूप आणि दुसऱ्या टोकाला दार सताड उघडं.

१९१२ साली दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे नवा वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षण कायदा. त्याच्या यादीत बगळे, रोलर आणि खंड्या ही नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. मनाईच्या हंगामात यांना मारलं, पकडलं किंवा विकलं तर दंड. पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त किती? पन्नास रुपये. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. १९१२ साली पन्नास रुपये ही जबर शिक्षा होती. मी तेवढेच पैसे बक्षीस म्हणून दिले होते.

दुसरी गोष्ट बिहारमधल्या पुसा गावची. तिथे १९०५ साली सरकारने शेतीसंशोधनाची संस्था काढली होती. (१९३४च्या भूकंपात तिची इमारत गेली, १९३६ साली संस्था दिल्लीला हलली आणि नाव बरोबर घेऊन गेली. दिल्लीतलं 'पुसा' ते हेच.) हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय तिथे इम्पीरियल एंटमॉलॉजिस्ट, म्हणजे सरकारी कीटकतज्ज्ञ होते. त्यांच्या हाताखालच्या चार्ल्स मेसनने पक्ष्यांच्या जठरांत काय सापडतं याची नोंद घ्यायला सुरुवात केली. पक्षी कोणता, कुठला, पोटात कुठले किडे, त्यांतले पिकाला वाईट किती आणि चांगले किती, असा चक्क हिशेब. या दोघांचा 'हिंदुस्थानातील पक्ष्यांचे अन्न' हा ग्रंथ १९१२ साली निघाला. नीलपंख त्यात शेतकऱ्याचा मित्र ठरला.

हा निकाल वाचून बरं वाटतं, पण प्रश्नही पडतो. चाष शुभ होता तेव्हा पकडला गेला. देखणा होता म्हणून मारला गेला. मग उपयोगी ठरला म्हणून वाचवा म्हणायचं. उद्या किडे मारायचा स्वस्त उपाय निघाला तर? तो निघालाच. दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक कीटकनाशकं आली आणि नीलपंखाची ही नोकरीही गेली. लेफ्रॉय यांचा शेवट माहीत आहे? लंडनला परतल्यावर ते कीटक मारायच्या औषधांवर काम करत होते, त्यातून एक कंपनीही काढली. १९२५ साली प्रयोगशाळेत विषारी वायूच्या प्रयोगात बेशुद्ध पडले आणि गेले. वय ४८. पक्ष्यांच्या पोटातले किडे मोजून घेणारा हा माणूस किड्यांसाठी बनवलेल्या विषाने गेला. यातून तात्पर्य काढणार नाही, मला फक्त वाईट वाटलं.

आज परिस्थिती काय? नीलपंख कर्नाटक, तेलंगण आणि ओडिशा या तीन राज्यांचा राज्यपक्षी आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली त्याला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. हजारो हौशी पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवरून तो तयार झालाय. त्यात म्हटलंय की आधीच्या १२ वर्षांत नीलपंख ३० टक्क्यांहून कमी झालाय. हा काही वाघासारखा दुर्मिळ जीव नाही, तारेवर दिसणारा साधा पक्षी. म्हणूनच तो कमी होतोय हे आपल्या लक्षात येत नाही. त्याला लागणारी उघडी माळरानं आपल्याकडे 'पडीक जमीन' या नावाखाली जातात. मी हैदराबादला ज्या आयटी पार्कात काम करायचो, तोही अशाच माळावर उभा होता.

तर माझ्या पन्नास रुपयांचं काय? ते परत मिळणार नाहीत आणि तो पक्षीही. पण पुढच्या दसऱ्याला मी एक केलं. पहाटे साडेपाचला मीच अंकलचं दार ठोठावलं. म्हटलं, पालपिट्टा बघायला चला. गाडी काढली आणि शहराबाहेर पंचवीसेक किलोमीटरवर शेतांच्या कडेने सावकाश चाललो. तासभर काही नाही. अंकल घड्याळ बघायला लागले. घरी पूजा होती. मलाही वाटायला लागलं की फजिती होणार.

मग एका तारेवर तो दिसला. मातकट, डोकं खांद्यात घातलेला, पिंजऱ्यातल्यासारखाच. अंकलनी काचेतूनच हात जोडले आणि म्हणाले, "झालं, चला." मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबा." खाली गवतात काहीतरी हललं असावं. पक्षी सुटला आणि त्या कोवळ्या उन्हात पंख उघडले.

अंकल काही बोलले नाहीत. बराच वेळ. मग हळूच म्हणाले, "साठ वर्षं दसऱ्याला पालपिट्टा बघतोय. निळा असतो हे मला माहीतच नव्हतं."

परत आलो तेव्हा गेटवर पिंजरेवाला उभा होता. अंकल त्याच्याजवळ गेले आणि तेलुगूत बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. काय ते मला कळलं नाही. पिंजरेवाला पुढच्या सोसायटीकडे निघून गेला, पक्षी पिंजऱ्यातच होता. वनखात्याला फोन मी केला, तो लागेपर्यंत माणूस दिसेनासा झाला होता. तेव्हा हा काही विजयाचा लेख नाही. पण आमच्या बिल्डिंगपुरती त्या वर्षीपासून मागणी थोडी कमी झाली, आणि हॅटच्या बाबतीतही सुरुवात अशाच मोजक्या घरांतून झाली होती.

या दसऱ्याला पुण्या-नाशकाबाहेर, सोलापूरकडे, विदर्भात, कुठेही जात असाल तर तारांकडे लक्ष ठेवा. दिसला की लगेच गाडी हाकू नका. दोन मिनिटं थांबा.

भेटू पुढच्या शनिवारी. रिलीज नसेल तर.